नुस्तें रावना : सासष्टीतल्या नाताळाचे सहा दिवस

२२ डिसेंबर

मांडवी एक्सप्रेसने ठाणं सोडलं तेव्हा लेक अर्धवट झोपेत होती. रत्नागिरी येईपर्यंत कटलेट, ऑम्लेट-पाव, गुलाबजाम असं सगळं रीतसर झालं होतं. ही गाडी खाण्यासाठीच ओळखली जाते, म्हणून मी डबा घेतलाच नव्हता. मडगावला उतरलो तेव्हा अंधार पडला होता, आणि डिसेंबर असूनही ठाण्याला घातलेला स्वेटर पिशवीत गेला.

हॉस्टेलमधली माझी मैत्रीण गेली पंचवीस वर्षं म्हणत होती, नाताळाला ये. मी तिच्याकडे मे महिन्यात गेले, चतुर्थीला गेले, एकदा भर पावसात गेले. नाताळ दर वेळी राहून गेला. या ऑक्टोबरमध्ये तिचा फोन आला. "मांय अठ्ठ्याहत्तरची झाली. यंदा सगळं स्वतःच्या हातानं करणार म्हणते. पुढच्या वर्षीचं मला ठाऊक नाही." आरक्षण उघडलं त्या सकाळी तिकिटं काढली.

त्यांचं घर कुडतरीला. गोव्यातल्या सासष्टी तालुक्याचं भाताचं कोठार म्हणून हे गाव ओळखलं जातं. पुढे बसायला बाल्कांव, आत लाकडी पाट्यांची जमीन, आणि जुन्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची तावदानं. चपटे शिंपले चौकोनी कापून लाकडी चौकटीत बसवलेले असतात. बाहेरचा दिवा त्यांतून दुधासारखा आत येतो. दारावर बांबूच्या कामट्या आणि कागद लावून केलेलं मोठं नखेत्र टांगलं होतं. नखेत्र म्हणजे चांदणी, आपलं नक्षत्र.

मांयने आधी लेकीची हनुवटी धरली, मग मला म्हणाली, "आयलीस गो?" आणि थेट स्वयंपाकघरात नेलं. चुलीवर मोठं भांडं, झाकण थोडं सरकवलेलं. आत तांबूस-काळं काहीतरी हळूहळू बुडबुडत होतं आणि व्हिनेगर, मिरी, दालचिनीचा उग्र वास नाकात गेला. सोरपोतेल. डुकराच्या मांसाचं कालवण. मला वाटलं, रात्रीचं जेवण हेच. तिने झाकण लावलं. "आज नाही. पंचविसाक."

रात्री उकड्या तांदळाचा भात, नारळाची कढी, भाजलेल्या सुक्या बांगड्याचा तुकडा. शीत-कडी. दमलेल्या माणसाला याहून चांगलं काही मिळू शकतं असं मला वाटत नाही.

२३ डिसेंबर

पहाटे साडेपाचला मैत्रिणीच्या भावाने उठवलं. बाणावलीच्या किनाऱ्यावर होड्या येतात तेव्हा तिथे असायला हवं. रस्त्यात पदेर भेटला, सायकलच्या मागे टोपली, पों-पों वाजवत. त्याच्याकडून गरम पोयो घेतल्या, कोंडा लावलेल्या, आतून पोकळ. गाडीतच दोन संपल्या.

किनाऱ्यावर तीन होड्या वर ओढलेल्या होत्या आणि जाळ्यांतून बांगडे सोडवणं चाललं होतं. पावसाळ्यानंतर नाताळापर्यंत इथे बांगड्याचे दिवस. पूर्वी याच वाळूवरून रांपण ओढत: होडीने समुद्रात अर्धगोल जाळं टाकायचं आणि दोन्ही टोकांना गावातल्या माणसांनी धरून किनाऱ्याला ओढायचं. पन्नास-साठ माणसं एका जाळ्याला, आणि आलेली मासळी सगळ्यांत वाटायची. सत्तरच्या दशकात ट्रॉलर वाढले, किनाऱ्याजवळची मासळी खरवडून जाऊ लागली आणि रांपणकारांनी मोठं आंदोलन केलं. त्यानंतर १९८० साली किनाऱ्याजवळच्या पट्ट्यात यांत्रिक मासेमारीला आळा घालणारा कायदा आला. प्रखर एलईडी दिवे लावून मासे गोळा करण्यावर केंद्र सरकारने २०१७ साली बंदी घातली. जाळं सोडवणारे एक वयस्क गृहस्थ म्हणाले, कायदा कागदावर आहे, दिवे समुद्रात आहेत. एवढं बोलून ते पुन्हा खाली वाकले. हाताला थांबायची सवयच नव्हती.

तिथून मडगावचा मासळीबाजार. मी डोंबिवलीची, आमच्या घरी मासे रोजचे, सोडे बारमाही डब्यात. त्यामुळे मासळीबाजार मला नवा नाही. पण नाताळाच्या दोन दिवस आधीचा मडगावचा बाजार पाहून मी हबकले. इस्वण, म्हणजे आपली सुरमई, हातभर लांबीची, रांगेने मांडलेली. चोणक. तांबूस तामसो. वाळूत राहणारी रुपेरी मुड्डोशी, जिच्यासाठी गोव्यातली माणसं पापलेट बाजूला सारतात. जिवंत कुर्ल्या, नांग्या सुतळीने बांधलेल्या. तिसऱ्यांचे ढीग. आणि सुंगटं, म्हणजे कोळंबी, खाडीकाठच्या खाजनातल्या बारक्या कोळंबीपासून मुठीत न मावणाऱ्या वाघ्या कोळंबीपर्यंत.

भाव चढेच होते. या आठवड्यात हॉटेलं पहाटेच मोठा माल उचलतात, मग गावच्या माणसांना उरलेल्यातून घ्यावं लागतं. मांय सत्तर वर्षं याच बाजारात येते. तिने तीन ठिकाणी सुंगटं उचलून नाकाशी नेली आणि खाली ठेवली. चौथ्या बाईकडे बसली. कल्ले उघडून बघितले, इस्वणाच्या पोटावर अंगठा दाबला. खळगा लगेच भरून आला तेव्हा मान हलवली. घासाघीस पाच मिनिटं चालली, आणि ती पाचही मिनिटं दोघी एकमेकींच्या नातवंडांची चौकशी करत होत्या.

मी मध्येच म्हटलं, "मांय, आपण जरा चहा घेऊ या ना." तिने पिशवी माझ्या हातात दिली आणि रिक्षाकडे चालू लागली. "नुस्तें रावना," एवढंच बोलली. नुस्तें म्हणजे मासळी. मासळी थांबत नाही.

घरी पोहोचेपर्यंत नऊ वाजले होते. दुपारी पारा ३२-३३ अंशांवर जातो, हवा दमट. त्याआधी सगळं साफ होऊन मीठ लागायला हवं. आम्ही चौघी विळ्या घेऊन बसलो. मांयने कामं वाटली: मोठी सुंगटं उद्या रात्रीच्या काल्दीन नावाच्या रश्श्यासाठी आणि परवाच्या आप या भाजलेल्या पदार्थासाठी, बारकी बाल्शांव या लोणच्यासाठी, इस्वणाचे तुकडे अर्धे उद्या तळायला, अर्धे मोल या दुसऱ्या लोणच्यासाठी, बांगडे आत्ता, या जेवणाला.

बांगड्यात भरायचा मसाला रेशाद. पोर्तुगीज भाषेत त्या शब्दाचा अर्थच 'भरलेलं' असा. सुक्या लाल मिरच्या, मिरी, जिरं, लसूण, आलं, दालचिनी, लवंग, थोडी हळद, चिमटीभर साखर, आणि हे सगळं वाटायचं पाण्यात नाही, माडाच्या व्हिनेगरमध्ये. मी पाण्याचा तांब्या पुढे केला तर मांयने तो हलकेच दूर सारला. पाण्यात वाटलेला मसाला दोन दिवसांत उतरतो, व्हिनेगरमधला महिनेच्या महिने राहतो. बांगड्याला पाठीकडून दोन्ही बाजूंनी चीर देऊन मसाला भरायचा आणि तव्यावर कडक भाजायचा. साडेबाराला ताटात बांगडे होते. सकाळी सहाला वाळूवर पाहिलेले तेच.

दुपारी बाल्शांव. इथे मांय मला जवळ घेऊन बसली, कारण हे मी नेणार होते. बारकी कोळंबी मीठ लावून तेलात कोरडी होईस्तो परतली, बाजूला काढली. त्याच तेलात कांदा, मग व्हिनेगरमधला मसाला, मग गालमो, म्हणजे वाळवलेला जवळा, भाजून कुटलेला. तेल वर येईस्तो शिजवायचं, कोळंबी परत घालायची, निववायची आणि कोरड्या बरणीत भरायची. वरून बोटभर तेलाचा थर. हा पदार्थ पोर्तुगीज जहाजांबरोबर पूर्वेकडून आला असं मानतात. मलय भाषेत आंबवलेल्या जवळ्याच्या गोळ्याला बलाचान म्हणतात, नाव त्याच्याशी जुळतं. आपल्याकडे सोड्यांचं लोणचं करतात त्याची ही चुलत बहीण वाटली मला, फक्त जास्त रागीट.

"कधी खायचं?"

"आठ दिसांनी."

इस्वणाच्या मोलाचंही तेच. तुकडे तळून व्हिनेगरच्या मसाल्यात बुडवून बरणीत. पूर्वी मे महिन्यात हे सगळं पावसाळ्यासाठी करून ठेवत. समुद्र बंद, बाजारही सुना. त्या बेगमीला इथे पुरुमेंत म्हणतात आणि त्यासाठी भरणाऱ्या बाजाराला पुरुमेंताचं फेस्त.

रात्री झोपताना माझ्या लक्षात आलं की या स्वयंपाकघरात दोन घड्याळं चालू आहेत. एक मासळीचं, तासांवर चालणारं. दुसरं व्हिनेगरचं, दिवसांवर आणि आठवड्यांवर. इथे बर्फ पडत नाही, मांस टांगून ठेवायला थंडी नाही. युरोपातला सण इथे आणून वाढायचा तर या दोन घड्याळांखेरीज गत्यंतर नव्हतं. सासष्टी १५४३ साली पोर्तुगीजांकडे गेली. तिथून पुढे कुणा कुणा बायकांनी हे जमवत आणलं, त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत.

२४ डिसेंबर

आजचा दिवस गोडाचा आणि ताटांचा.

कुस्वार म्हणजे नाताळाचं गोडधोड. ते आठवडाभर आधीच सुरू होतं. दोदोल झालेला होता: तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि माडाचा काळा गूळ तांब्याच्या भाणात तासन्‌तास ढवळायचा, तेल सुटून गोळा कडा सोडेस्तो. मैत्रीण म्हणाली, भाऊ, ती आणि शेजारचा मुलगा आळीपाळीने ढवळत होते, तरी दुसऱ्या दिवशी खांदे वर जात नव्हते. हरभऱ्याच्या डाळीचा आणि खोबऱ्याचा दोस, शंकरपाळ्याच्या आकारात कापलेला. पेराद, म्हणजे पेरूची घट्ट वडी. रवा-खोबऱ्याची बात. बेबिंकही झालेलं होतं, पण त्याचं मांयने मला तोंडी सगळं सांगितलं: अंड्यांचे पिवळे बलक, नारळाचं दाट दूध, साखर, थोडं पीठ, जायफळ, तूप. एक पळी ओतायची, वरच्या झाकणावर निखारे ठेवून तो थर भाजायचा, त्यावर तूप, मग दुसरी पळी. सात थर तरी हवेतच. एकही थर घाईने टाकला तर सगळं कापताना सुटं होतं.

माझी लेक कुलकुलं वळायला बसली. मैद्याच्या बारक्या गोळ्या काट्याच्या उलट्या बाजूवर दाबून गुंडाळायच्या म्हणजे अंगावर रेघा उठतात. इकडे त्यांना कीड्यो म्हणतात, किडे. ते ऐकल्यावर तिने दुप्पट वेगाने दीडशे वळले.

आणि नेवऱ्या. मी हातात घेतली, मोडून बघितली: आमच्या करंजीसारखीच, खोबरं, साखर, वेलची. आमच्याकडे दिवाळीला खाजाचे कानवले होतात, आवरणाला पापुद्रे सुटलेले. त्यापुढे ही साधी. पण ओळख लगेच पटली. हा पदार्थ बोटीने आलेला नाही. तो इथलाच, धर्म बदलल्यावरही ताटात राहिलेला. चतुर्थीला गावातली हिंदू घरं मांयकडे नेवऱ्या धाडतात, नाताळाला मांयकडून त्यांच्याकडे जातात.

ते धाडणं म्हणजे कोन्सुआद. पोर्तुगालमध्ये हा शब्द नाताळाच्या आदल्या रात्रीच्या जेवणाला आहे. इथे तो शेजाऱ्यांना पाठवायच्या ताटाचा झाला. दुपारी चारला जेवणाच्या टेबलावर अकरा ताटं मांडली. प्रत्येकात सगळं थोडं थोडं, वर विणलेला पांढरा रुमाल. दोन ताटं हिंदू घरांची. एक पदेराचं. एक ताट इतरांहून मोठं होतं, दुप्पट भरलेलं. मी विचारलं तर मैत्रिणीने हळूच सांगितलं, पलीकडच्या घरी ऑगस्टमध्ये घरधनी गेले. ज्या घरात दुःख आहे तिथे त्या वर्षी गोड करत नाहीत. शेजाऱ्यांनी धाडायचं.

ते ताट घेऊन मांय स्वतः गेली, आणि लेकीला बरोबर घेतलं. दारात एक म्हातारी बाई उभी होती, काळ्या कपड्यांत. दोघी फार बोलल्या नाहीत. मांयने ताट दिलं, त्या बाईने रुमाल न उचलताच "देव बरें करूं" म्हटलं आणि लेकीच्या हातावर एक पेरू ठेवला, अंगणातला. रिकाम्या हाताने कुणी जायचं नाही हे आमच्याकडेही आहे. आम्हीही दुसऱ्याचा डबा रिकामा परत करत नाही.

रात्रीचं जेवण आठला. मध्यरात्रीच्या मिसेआधीचं, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेआधीचं, हे जेवण मासळीचं. मांयच्या लहानपणी नाताळाची आदली तारीख उपासाची होती, मांस वर्ज्य. साठच्या दशकात चर्चने नियम सैल केले, पण तिने आपल्या घरात ते सैल होऊ दिलेले नाहीत. मला हे फार ओळखीचं वाटलं. आमच्या घरी सोमवार, गुरुवार, संकष्टी पाळून मासे खातात, आणि सासूबाई मार्गशीर्षात कॅलेंडर न बघताही वार सांगतात. एवढंच की आमच्या उपासात मासळी बाद आणि मांयच्या उपासात मासळीच तारून नेते.

काल्दीन होतं. पिवळंधमक, नारळाच्या दुधातलं, हळद, जिरं, धणे, हिरवी मिरची उभी चिरलेली, थोडी चिंच, आणि कालची मोठी सुंगटं. लाल तिखटाचा कणही नाही. रात्रभर जागायचं असताना पोटाला शांत ठेवणारा हा रस्सा. सोबत इस्वणाचे रव्यात तळलेले तुकडे आणि तिसऱ्यांचं सुकं, खोबरं घातलेलं. तळलेल्या इस्वणावर मीठ आणि लिंबू, बस. ज्या माशाला चव आहे त्याला मसाल्याची चादर घालू नये हे माझं जुनं मत आहे आणि इथे ते पक्कं झालं.

साडेअकराला सांत आलेशच्या चर्चमध्ये गेलो. १५९७ सालची ही इमारत रायतळें नावाच्या तळ्याच्या काठी उभी आहे. रात्री तिची पांढरी भिंत दिव्यांसकट पाण्यात उतरली होती. मीस द गाल, कोंबड्याची मीस, मोकळ्या आवारात. गवतावर खुर्च्या, अंगावर सुती कपडे, अधूनमधून डास. कोकणीतली गाणी मला निम्मी कळली. मीस संपल्यावर सगळे एकमेकांचे हात धरून "खुशालभरीत नाताळ" म्हणत होते. नाताळ हा आपलाही शब्द पोर्तुगीजांकडूनच आला, पाव, बटाटा, काजू, पगार, चावी यांच्या रांगेतून; पण तो इतक्या जणांच्या तोंडून एकदम मी पहिल्यांदाच ऐकला.

घरी येऊन दीडला कॉफी आणि बेबिंकचा एक एक काप. थर सुटे झाले नव्हते. मांय ते बघत होती.

२५ डिसेंबर

उशिरा उठलो. सगळं घर सान्नांच्या वासाने भरलेलं. सान्नां म्हणजे तांदूळ आणि नारळाचं वाटण सुरेत आंबवून वाफवलेल्या लुसलुशीत वड्या, इडलीच्या नात्यातल्या पण गोडसर, आणि सूर म्हणजे माडाची ताजी ताडी. मांयचं म्हणणं, आजकाल यीस्ट घालतात त्यांना सान्नां म्हणूच नये.

पाहुणे साडेबारापासून येऊ लागले. बाल्कांवावर आधी रिसोयस आले: अर्धचंद्राच्या आकाराचे, आत पांढऱ्या दाट सॉसमधली कोळंबी, बाहेरून पावाचा चुरा लावून तळलेले. मी तीनवर थांबले, कारण मैत्रिणीने डोळ्यांनी खूण केली होती.

जेवणात सतरा माणसं होती. मधोमध सोरपोतेल. आता त्याविषयी लिहायलाच हवं. डुकराचं मांस, चरबीसकट, आणि त्याचं काळीज, हृदय. आधी मोठे तुकडे उकडायचे, मग हरभऱ्याहून थोडे मोठे असे बारीक चिरायचे, चिरण्यातच दोन माणसांचा अर्धा दिवस जातो. मग स्वतःच्याच चरबीत परतून व्हिनेगरमधल्या मसाल्यात शिजवायचे. हे झालं एकवीस तारखेला. तेव्हापासून रोज एकदा गरम करून निववत होते. व्हिनेगरची आम्लता मांस नासू देत नाही, वर गोठलेली चरबी हवा आत येऊ देत नाही, आणि रोजच्या उकळीने आंबटपणाची धार बोथट होत होत मसाला तुकड्यांच्या आतपर्यंत जातो. पहिल्या रात्री मी झाकणाखाली जो उग्र वास घेतला होता तो आता कुठेच नव्हता. आंबट, तिखट, किंचित गोड, कलेजीमुळे दाट. सान्नांचा तुकडा त्यात बुडवला की ती स्पंजासारखी रस पिते.

आमच्या घरी डुकराचं मांस शिजत नाही. मी बाहेर खाते, लेकीने पहिल्यांदा खाल्लं. तिने दुसऱ्यांदा वाढून घेतलं तेव्हा मांयच्या चेहऱ्याकडे बघायला हवं होतं.

सोबत सॉसेजच्या पाण्यात शिजवलेला आरोस, म्हणजे भात. कोंबडीचं शाकुती, भाजलेलं खोबरं आणि खसखस घातलेलं. कुर्ल्यांचं शेक शेक, ज्यासाठी सगळ्यांनी बाह्या वर केल्या. आणि आप द कामारांव. मला या जेवणातला सर्वांत सुंदर पदार्थ हाच वाटला, आणि गोव्याबाहेर तो जवळजवळ कुणाला माहीत नाही. खाली आणि वर तांदूळ-नारळाच्या पिठाचं जाड, किंचित गोड आवरण, मध्ये लाल मसाल्यातली आंबट-तिखट कोळंबी, आणि सगळं भट्टीत भाजलेलं. कापल्यावर पांढऱ्या दोन थरांत लाल रेघ. गोडातून तिखटात आणि तिखटातून परत गोडात जीभ जाते. केक कापावा तसा तो कापला गेला आणि वाढदिवसाला केकपुढे पोरं जमतात तशी मोठी माणसं त्यापुढे जमली.

जेवण संपायला चार वाजले. कुणीतरी गिटार काढलं. मांय बाल्कांवावर खुर्चीत बसली होती आणि तिने स्वतः ताटात फार थोडं घेतलं होतं. मी विचारलं तर म्हणाली, पाच दिवस वासानंच पोट भरतं.

२६ डिसेंबर

सकाळी मैत्रिणीच्या भावाबरोबर झुआरीकाठच्या खाजनात गेलो. खाजन म्हणजे खाडीच्या खाऱ्या पाण्यापासून बांध घालून मिळवलेली सखल जमीन. बांधात मानस असते, लाकडी दारांची मोरी. भरतीच्या पाण्याच्या रेट्याने दारं आपोआप मिटतात, ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. वर भात पिकतं, आतल्या चरांत मासे आणि सुंगटं वाढतात. ओहोटीला मानशीच्या तोंडाशी जाळं लावून ती धरतात आणि त्या हक्काचा लिलाव होतो. शतकानुशतकं माणसांनी चिखलाने बांध लिंपून हे टिकवलं. आता काही ठिकाणी बांध फुटलेत, कांदळ आत आलंय, शेतं पडीक. बांध एकाच्याने लिंपून होत नाही, त्याला सगळा गाव लागतो, आणि गावातली पोरं परदेशात आहेत.

परतताना रेंदेर दिसला, माडावर. रेंदेर म्हणजे ताडी काढणारा. दिवसातून तीनदा चढावं लागतं: सकाळी आणि संध्याकाळी सूर उतरवायला, दुपारी फुलोऱ्याची कापणी ताजी करायला. खाली आल्यावर त्याने आम्हाला मडक्यातली सूर चाखायला दिली. गोड, फसफसती. संध्याकाळपर्यंत हीच आंबट होईल, तो म्हणाला, आणि आणखी ठेवली की व्हिनेगर. मांयच्या आईच्या घरी मडक्यात तापवून लाल केलेला कौलाचा तुकडा टाकत, म्हणजे ते लवकर व्हायचं. मी तिथे माडाखाली उभी राहून विचार करत होते. सूर मासळीहूनही उतावळी, अर्धा दिवससुद्धा थांबत नाही. पण तिचं जे होतं, तेच सोरपोतेलाला चार दिवस आणि बाल्शांवला चार महिने थांबवतं. तीच सूर उकळली तर गूळ, तो दोदोलात. ताजी आंबवणात टाकली तर सान्नां. एका झाडावरून अर्धा सण उतरतो, आणि त्या झाडावर चढणारा हा माणूस म्हणाला की आपल्या मुलाला तो चढू देणार नाही, पडलं तर पाठ जाते. त्याला काय उत्तर द्यावं मला सुचलं नाही.

दुपारी मी आणि लेक मडगावात फिरलो. एका कोपऱ्यावर बांगडे दिसले, चकचकीत. मांयसाठी आपण काहीतरी न्यावं म्हणून डझनभर घेतले आणि मग पिशवी हातात घेऊन दोन तास कपड्यांच्या दुकानांत हिंडलो. घरी आल्यावर मांयने एक उचलला, कल्ला उघडला. तपकिरी. डोळे आत गेलेले. तिने काही न बोलता सगळे परसात पुरायला दिले. मग मला समजावलं. काल नाताळ, बाणावलीच्या होड्या समुद्रात गेल्याच नाहीत. म्हणजे हे बांगडे परवाचे, बर्फातले, आणि वर माझे दोन तास उन्हातले. पुढचं मैत्रिणीने सांगितलं, ती डॉक्टर आहे: बांगडा, तारली, इस्वण ही लाल मांसाची मासळी उष्णतेत राहिली की तिच्यात हिस्टामिन तयार होतं, आणि ते शिजवून जात नाही. तोंड लाल होतं, डोकं दुखतं, जीव घाबरा होतो.  मांयला हिस्टामिन हा शब्द माहीत नाही. तिला कल्ल्याचा रंग माहीत आहे.

मला खूप वाईट वाटलं, पैशांपेक्षा त्या बारा माशांचं. कुणीतरी ते रात्री जाळ्यातून सोडवले होते.

रात्री सोरपोतेलच जेवलो, पावाबरोबर. पाचवा दिवस. कालच्याहून चांगलं लागलं.

२७ डिसेंबर

मांडवी सकाळी निघते, त्यामुळे घाई. मांयने डबे भरून ठेवले होते: कुलकुलं लेकीसाठी, नेवऱ्या आणि दोस सासूबाईंसाठी, माडाच्या काळ्या गुळाची एक ढेप. बाल्शांवची बरणी वर्तमानपत्रात, मग टॉवेलमध्ये, मग दोरीने बांधलेली. तेल वर आहे तोवर हात लावायचा नाही, चमचा कोरडा, दर वेळी तेल परत सारखं करायचं. तीनदा सांगितलं.

मी पाया पडले तर तिने मला उठवून जवळ घेतलं. "चवथीक यो," ती म्हणाली. म्हणजे ती पुढच्या वर्षीचा हिशोब धरून होती.

कणकवलीला लेक म्हणाली, भूक लागली. मी कटलेट घेऊन दिलं. बरणी पायाशी धरून बसले होते, डबा हलला की हाताने थोपवत.

आज तिसावा दिवस डिसेंबरचा. सासूबाईंनी नेवरी खाल्ली, कानवल्याइतकी खुसखुशीत नाही म्हणाल्या, आणि दुसरी घेतली. बरणी ओट्याच्या कोपऱ्यात, उन्हापासून लांब. उद्या आठ दिवस होतात.